सात नंबरचा ट्रॅक

कर्वे रोडला, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला
आमचा स्टुडिओ होता.
भिंतींना काथ्याच्या गाद्या, त्यावर जांभळं कापड,
तरी मंगलाष्टकं झिरपायचीच आत.
बारा-सातचा मुहूर्त असला
की बारा ते सव्वाबारा रेकॉर्डिंग बंद,
आम्ही सगळे चहा प्यायचो
आणि न पाहिलेल्या नवरीला मनात अक्षता टाकायचो.

मी टेप चढवायचो, उतरवायचो,
स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचो.
"मुजावर, घे रे मागं."
एवढंच माझ्याशी कुणाचं बोलणं.

निर्मला खळदकर लूनावरून यायची, खडकीहून,
दारूगोळा कारखान्यातली पाळी संपवून.
दिवसभर काडतुसं मोजलेली बोटं
ती माइकसमोर पदराला पुसायची,
जसं काही बोटांनीच गायचं आहे.

मोठ्या बाई येण्याआधी
कुणीतरी गाणं गाऊन ठेवायचं असतं,
म्हणजे बाईंना चाल कळते, वादकांना जागा कळतात.
त्याला पायलट म्हणायचे.
विमान दुसऱ्याचं.

निर्मला गायली सात नंबरच्या ट्रॅकवर.
व्हाउचरवर सही केली, नव्वद रुपये घेतले,
लूना तीनदा पायडल मारून सुरू झाली.

मग बाई आल्या,
पुढं थर्मास, थर्मासमागं भाचा.
चार नंबरवर गायल्या.
छानच गायल्या, खोटं का बोलू.

सात नंबर मोकळा करायचा होता, घुंगरांसाठी.
मुखडा पुसला.
पहिला अंतरा पुसला.
दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी
लाल बटण मी अर्धा सेकंद उशिरा दाबलं.

चुकून का?
चहा हातात होता, हे खरं.
कप रिकामा होता, हेही खरं.

कॅसेट तुफान खपली.
स्वारगेटच्या रसवंतीत चरकाच्या घुंगरांवर ती वाजायची,
मांडवात वाजायची, सलूनमध्ये वाजायची.
वेष्टणाच्या कागदावर तबलजीचंसुद्धा नाव होतं,
चुकीचं, पण होतं.

आता मी तपकीर गल्लीत जिन्याखाली बसतो,
जुने डेक दुरुस्त करतो,
रबरी पट्टे आता मिळत नाहीत, सायकलच्या ट्यूबमधून कापतो.
समोरच्या दुकानात टीव्हींची भिंत आहे.
परवा त्या बावीस पडद्यांवर
सासवडची एक पोरगी उभी राहिली, वेदिका झेंडे,
वय सोळा, नवी कोरी नऊवारी, घाबरलेली,
आणि तेच गाणं.

दुसऱ्या अंतऱ्याआधी ती थांबली.
तोंड किंचित उघडलं,
आणि घेतला
तो श्वास.
जरासा फाटका, घाईतला,
लूना लावून जिने चढून आल्यासारखा.

परीक्षक उठून उभे राहिले.
"ही श्वासाची जागा! कुठं शिकलीस, बाळा?"
पोरगी म्हणाली,
"आईच्या कॅसेटमध्ये आहे तसंच केलं."
मग सगळ्यांनी मोठ्या बाईंच्या नावानं
कानाची पाळी धरली.

माझ्या हातातला स्क्रू
कुठं गडगडला, अजून सापडला नाही.

रात्री फोन लावला. बोपोडीला असते ती, लेकीकडं.
सगळं सांगितलं. बटणाचंही.
पलीकडून बराच वेळ काही नाही,
मग कुकरची शिट्टी.
"अहो, सर्दी होती मला त्या दिवशी," ती म्हणाली,
"नाक चोंदलेलं. तोंडानं घ्यावा लागला श्वास.
तुम्ही नेमका तोच ठेवलात होय?"
आणि हसली, खोकला येईपर्यंत.

मग म्हणाली, "पोरीचं नाव काय म्हणालात?"
मी सांगितलं, आडनावासकट.
"थांबा, लिहून घेते."
पहिलं पेन चाललं नाही.
दुसरं आणायला ती आत गेली,
मी फोन कानाला लावून थांबलो.